अठरा लिटरसाठी किती पाणी

सुनीती मेश्राम लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिस युनिटच्या सिस्टर होत्या. मी १९८४ साली तिथे आहारतज्ज्ञ म्हणून लागले. युनिटमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायची. ऑफिसात मात्र त्या सिस्टर मेश्राम, आणि पेशंटांच्या तोंडी 'सिस्टर मेश'.

त्या नागपूरच्या, इंदोऱ्यातल्या. वडील कापडाच्या गिरणीत होते आणि मोहाची प्यायचे. सात-आठ वर्षांच्या असताना ताईच भट्टीवरून बाटली आणायला जायच्या, कारण आई जायला तयार नसे. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर वडिलांनी पंचशील घेतलं, त्यातलं पाचवं शील म्हणजे मद्यापासून दूर राहणं. त्यांनी ते मरेपर्यंत पाळलं. ताई एवढंच सांगायच्या, तेही मी दोनदा विचारल्यावर. एकोणसत्तर साली त्या नर्सिंग शिकायला इंग्लंडला आल्या आणि राहिल्या. नवरा जयंतराव अमरावतीचे, एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन. एक मुलगी, मीनल, इथेच जन्मलेली. रविवारी घरी बुद्धवंदना व्हायची. जयंतरावही पाच शीलं म्हणायचे आणि शुक्रवारी ऑफिसच्या माणसांबरोबर पबमध्ये जाऊन दोन पाइंट बिअर पिऊन यायचे. ताईंना ते आवडत नव्हतं. भांडण करण्याइतकं मोठं ते त्यांनी कधी होऊ दिलं नाही.

डायलिसिसच्या पेशंटची किडनी काम करत नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. आठवड्यातून तीन दिवस त्याला मशीनला जोडायचं आणि ते पाणी काढून घ्यायचं. मधल्या दिवसांत त्याने दिवसाला अर्धा लिटरच्या वर काही प्यायचं नाही. चहा, सूप, जेली, ग्रेव्ही, बर्फाचा खडा, सगळं त्यातच. पेशंट आला की त्याचं वजन करायचं. मागच्या वेळेपेक्षा जितकं जास्त, तितकं तो प्यायला. खोटं बोलायची सोय नाही. ताई हे काम चौदा वर्षं करत होत्या. आत किती गेलं, बाहेर किती आलं, घामातून आणि श्वासातून न दिसता किती उडून गेलं, हे त्यांच्या डोक्यात आपोआप चालायचं.

क्लिफर्ड हेग हा आमचा सगळ्यांत त्रासदायक पेशंट. वय बावन्न. एका ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेली, शेवटची बारा वर्षं मोठ्या तांब्याच्या कढयांवर. किडन्या गेल्या, नोकरी गेली, बायको त्याआधीच गेली होती. दर वेळी तीन-चार किलो जास्त घेऊन यायचा. मी त्याला ग्रेव्हीबद्दल सांगायला गेले की भिंतीकडे तोंड करायचा.

१९८७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सोमवारी सकाळी हेग साडेचार किलो जास्त घेऊन आला. श्वास लागला होता. ताईंनी त्याला मशीनला लावलं आणि चांगलंच झाडलं.

तो म्हणाला, "सिस्टर, तहान म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही."

"मला ठाऊक नसेल. पण तुमच्या हृदयाला ठाऊक झालंय."

त्याला पुढे चार तास खुर्चीत काढायचे होते. जरा वेळाने ताईंनाच वाटलं, आपण फार लागेल असं बोललो. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी सांगितलं की आपला नवरा गॅरेजमध्ये बिअर करतो. हे त्यांनी युनिटमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. मीही तेव्हाच ऐकलं.

हेगने मान वळवली. "डब्यातल्या पाकाची?"

"आतापर्यंत ती, तयार पाकाचा डबा आणून. आता म्हणतात धान्यापासून करणार."

"मग लिकर किती घेणार आहे तो?"

ताईंचा चेहरा उतरला. लिकर म्हणजे दारू, एवढाच अर्थ त्यांना माहीत होता. त्या म्हणाल्या, "दारू घालणार नाहीत, दारूच करणार आहेत."

हेग हसला. दोन वर्षांत आम्ही त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग त्याने समजावून सांगितलं. ब्रुअरीत पाण्याला पाणी म्हणत नाहीत, लिकर म्हणतात. पाणी म्हणजे जमीन धुवायचं. बिअरमध्ये जातं ते लिकर. "त्याला विचारा, किती घेणार. इथेच सगळे चुकतात."

घरी ताईंनी विचारलं. जयंतराव स्वयंपाकघराच्या टेबलावर ग्राफपेपर घेऊन बसले होते. पिकनिकला नेतात तो थंडाव्याचा डबा घेऊन त्याला त्यांनी तळाशी नळ बसवला होता. त्यात धान्य भिजवायचं. चर्चच्या सेलमधून चहाचा मोठा इलेक्ट्रिक बॉयलर आणला होता, त्यात उकळायचं. डब्याचं ड्रॉइंग तिन्ही बाजूंनी काढलं होतं, पाण्याचा हिशेब मात्र एका ओळीचा होता.

"अठरा लिटर बिअर हवी," ते म्हणाले. "म्हणून वीस लिटर पाणी. दोन लिटर सेफ साइडला."

बुधवारी ताईंनी तो आकडा हेगला सांगितला.

"धान्य किती?"

"साडेतीन किलोच्या जरा वर."

"मग साडेतीन लिटर तर धान्यच पिऊन टाकेल," हेग म्हणाला. "आणि परत देणार नाही. पिळलं तरी देणार नाही. पिळायचं नसतंच."

बिअरचं धान्य म्हणजे जव. ते भिजवून, मोड आणून, भाजून, भरडलेलं असतं. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करतात त्याच जातीचं काम. ते ठरावीक उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवायचं की त्यातल्या पिठूळपणाची साखर होते. मग नळ उघडून ते गोड पाणी काढून घ्यायचं, धान्यावर आणखी गरम पाणी हळूहळू सोडून उरलेली साखर धुवून घ्यायची, आणि जमलेलं सगळं हॉप्सची कडू वाळकी फुलं घालून दीड तास उकळायचं. गार झालं की यीस्ट. प्रत्येक पायरीला थोडं पाणी मागे राहतं. धान्यात राहतं, डब्याच्या तळाशी नळाच्या खाली राहतं, फुलांत राहतं, आणि वाफ होऊन जातं. बाहेर किती हवं ते धरून उलटं मोजत यायचं असतं.

मला हे ताईंनी चहाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता.

"अगं वीणा, हे आपलंच आहे सगळं. इनपुट, आउटपुट, आणि न दिसणारी घट. जयंतना ते कळत नाहीये, ते भांड्याचं माप घेतायत."

"ताई, तुम्हाला चालतं हे?"

"मोजायला काय हरकत आहे? मी काही पीत नाहीये."

दोन आठवडे तसेच गेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार हेग प्रश्न घेऊन यायचा आणि ताई घरून उत्तरं आणायच्या. बॉयलर किती मोठा? डब्याचा नळ तळापासून किती उंच? ताईंनी डब्यात मापून पाणी ओतून, नळ उघडून, मागे किती राहतं ते पाहिलं: एक लिटर. फुलांत आणि गाळात दीड लिटर जाईल असं हेगने सांगितलं. आणि त्या दोन आठवड्यांत त्याचं वजन दोन किलोच्या वर वाढलं नाही. ताईंनी त्याला शाबासकी दिली नाही. तक्त्यावर आकडा लिहिला आणि तो त्याला दिसेल असा धरला.

उरली वाफ. "उकळताना किती जातं?" ताईंनी विचारलं.

"तासाला शंभरात आठ," हेग एका दमात म्हणाला. "आमच्याकडे नेहमी आठ."

ताईंना ते पटेना. घरी त्या म्हणाल्या, "अहो, आधी एकदा नुसतं पाणी दीड तास उकळून बघू या ना. मग कळेलच किती उडतं."

जयंतराव वैतागले. "दीड तास पाणी उकळायचं? वॉलपेपर निघून येईल. त्या माणसाने अठ्ठावीस वर्षं ब्रुअरीत काढलीत. तुझा त्याच्यावर विश्वास नाही?"

विश्वास होता. म्हणून हेगचाच आकडा धरला. अठरा हवेत; फुलांत दीड, वाफेत अडीच, तळाशी एक, धान्यात साडेतीन. साडेसव्वीस लिटर. त्यातलं नऊ लिटर भिजवायला, उरलेलं धुवायला.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. गॅरेजमध्ये हात गोठत होते, तेव्हा ताईंनीच बॉयलर स्वयंपाकघरात घेऊ दिला. खिडक्या सताड उघड्या. जयंतरावांनी थर्मामीटर धरला, ताईंनी जग मोजून ओतले. वास गोड होता, लापशीसारखा. ताईंनी त्या गोड पाण्याचा एक चमचा चाखला, यीस्ट पडायच्या आधी. "साखरेचं पाणी आहे नुसतं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी काहीच विचारलं नव्हतं.

तोवर सगळं बरोबर जमलं. धान्याने साडेतीन लिटर ठेवून घेतलं, डब्याने एक. बॉयलरमध्ये बावीस लिटर आलं. जयंतरावांनी खुशीत ताईंच्या पाठीवर थाप मारली. मग बटण दाबलं, उकळी फुटली, आणि वाफ छतापर्यंत गेली. भिंतीवरून ओघळ यायला लागले. तासाभराने ताईंनी आत पाहिलं.

"अहो, हे फार खाली गेलंय."

"उकळताना तसं दिसतं."

तसं नव्हतं. दीड तासाने बंद करून, गार करून, गाळून बादलीत घेतलं तेव्हा पंधरा लिटर भरलं. जयंतराव म्हणाले, तीन लिटर नळाचं घालू, कोणाला कळणार आहे! ताईंनी जग हातातून काढून घेतला.

"का कमी झालं ते कळेपर्यंत काही घालायचं नाही."

"हा पेशंट नाहीये, सुनीती!"

"माहीत आहे मला."

पाणी घातलं नाही. जयंतरावांनी यीस्ट टाकलं, झाकण लावलं आणि ते पुढच्या खोलीत रग्बी बघायला जाऊन बसले. ताईंनी आणि मी भिंती पुसल्या.

सोमवारी ताईंनी हेगला आकडा सांगितला. तो आधी हसला. मग म्हणाला, "काहीतरी सांडलं असेल."

"काही सांडलं नाही. दीड तासात साडेपाच लिटर वाफ झाली. तुमच्या आठच्या हिशेबाने अडीच व्हायला हवी होती."

"आमच्याकडे आठच."

"तुमची कढई बंद होती का हो?" ताईंनी विचारलं. "वर झाकण?"

मशीनचा पंप फिरत होता. मग हेग म्हणाला, "घुमट होता वर. चिमणीवाला." आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "मी कधी मोजलं नाही, सिस्टर. तो आकडा मी कामाला लागलो त्या दिवसापासून भिंतीवर लावलेला होता. शेकडो बॅरलची कढई ती. मी फक्त काठी बुडवून बघायचो."

त्या दिवशी आणि बुधवारी तो भिंतीकडे तोंड करून पडला. शुक्रवारी साडेतीन किलो जास्त घेऊन आला. मला वाटलं, संपलं. ताईंनी त्याला रागावण्याऐवजी एक वाक्य सांगितलं: काल संध्याकाळी आपण वीस लिटर नुसतं पाणी त्या बॉयलरमध्ये उकळलं, आणि तासाला साडेतीन लिटर गेलं, म्हणजे शनिवारचं काही विशेष नव्हतं, ते भांडंच तसं आहे.

हेगने डोळे उघडले. "तोंड किती रुंद आहे त्याचं?"

ताईंनी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी साडेएकोणतीस घ्या."

बिअर सहा आठवड्यांनी बाटल्यांत तयार झाली. जयंतरावांना ती हेगला पाठवायची होती. ताईंना नको होतं, आणि कारणं दोन होती. एक युनिटचं, ते त्यांनी सांगितलं. दुसरं त्यांनी सांगितलं नाही. शेवटी त्यांनी आमच्या कन्सल्टंटना, म्हणजे मोठ्या डॉक्टरांना, विचारलं. ते म्हणाले, त्या दिवसाचं वजन ठीक असेल तर शंभर मिलिलिटर द्या आणि तक्त्यावर धरा. आहारतज्ज्ञ नाही म्हणाली तर देऊ नका. किडनीच्या पेशंटला पोटॅशियमही मोजून द्यावं लागतं; मी ते गणित करून हो म्हटलं.

ताईंनी औषधाचा मापाचा ग्लास घेतला. बाटली उघडली तेव्हा त्यांनी मान किंचित बाजूला केली. ओतताना हात स्थिर होता. फेस बसेपर्यंत थांबल्या, डोळ्यांच्या पातळीला धरून पाहिलं, थोडं आणखी घातलं.

हेगने वास घेतला, मग एक घोट. मग दुसरा. आम्ही तिघी-चौघी उभ्या होतो.

"जोरदार झालीय," तो म्हणाला. "वाईट नाही. तीन लिटर पाणी कमी आहे."

सगळ्या हसलो. तोही हसला. पण अर्ध्याच्या जरा पुढे गेल्यावर त्याने ग्लास खाली ठेवला.

"सिस्टर, उरलेलं नको. याचे चाळीस संध्याकाळच्या चहाला जमा करता येतील का?"

ताईंनी ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला, तक्त्यावरचे शंभर खोडून साठ लिहिले. नंतर स्टोअररूममध्ये त्या मला म्हणाल्या, "बघ, दारूची ओढ नव्हतीच त्याला. मला उगाच भीती होती." मग म्हणाल्या, "नाही, उगाच नव्हती."

पुढच्या वर्षी मे महिन्यात हेगला किडनी मिळाली. ऑपरेशन चांगलं झालं. किडनी बसवल्यावर सगळं उलटं होतं, दिवसाला तीन-तीन लिटर प्यायला सांगतात. जुलैत तो मेश्रामांच्या घरी आला. अंगावर कोट, हातात फुलांचा गुच्छ, चेहरा औषधांनी सुजून गोल झालेला. जयंतरावांनी त्याच्यासाठी तिसऱ्या खेपेची बाटली गार करून ठेवली होती. ती खेप बरोबर अठरा लिटर भरली होती, आणि ते त्याला दारातच सांगून टाकलं.

हेग म्हणाला, "आधी पाणी देता का?"

ताईंनी ग्लास भरून दिला. तो नळाशीच उभा राहून प्यायला, पुन्हा भरला, पुन्हा प्यायला. मोजत कोणी नव्हतं. मग गॅरेजमध्ये जाऊन त्याने जयंतरावांची बिअर चाखली, चांगली झाली म्हणाला, आणि दोघं तासभर नळ चोंदण्याबद्दल बोलत बसले. ताईंनी आत वरण-भात आणि वांग्याची भाजी केली. हेगने वांगं बाजूला काढून ठेवलं.

तो नंतर स्कारबराला बहिणीकडे राहायला गेला. नाताळला कार्ड यायचं. किडनी सात वर्षं टिकली. त्यानंतर तो तिकडच्या युनिटमध्ये गेला आणि आम्हाला फारसं काही कळलं नाही.

जयंतरावांनी आणखी तीन-चार वर्षं बिअर केली. पाण्याचा हिशेब ताईच सांगायच्या, तोंडी, भांडी घासता घासता. मग जयंतरावांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागल्या आणि त्यांनी आपणहून सोडलं. ताईंनी त्यावर टीका केली नाही, कौतुकही केलं नाही. मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुमच्या मते शील मोडलं का तेव्हा? त्या म्हणाल्या, "प्यायले नाही. पण मन त्यात रमलं होतं, हे खरं आहे. बाबांना नसतं आवडलं." बाबा म्हणजे वडील. "त्यांना आपण सांगितलंही नसतं," असं म्हणून त्यांनी विषय बदलला.

हेगनंतर ताई वॉर्ड सोडून होम डायलिसिसच्या ट्रेनिंगला गेल्या. घरी मशीन लावणाऱ्या पेशंटांना त्या शिकवायच्या. दिलेला आकडा तसाच घ्यायचा नाही, आपल्या घरच्या कपाने, आपल्या घरच्या वाटीने आधी मोजून बघायचं, असं त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. काही पेशंट कंटाळायचे.

१९९५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. मीनल मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरच्या नोकरीत होती, म्हणून दोघं तिकडे गेली. तिथे गाडीशिवाय चालत नाही आणि जयंतरावांची नजर कमी झाली होती. सत्तावन्नाव्या वर्षी ताई ड्रायव्हिंग शिकल्या. दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा पास झाल्यावर त्यांनी मला फोन केला, आणि पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा स्टेशनवर न्यायला स्वतः आल्या.

सीट स्टिअरिंगच्या अगदी जवळ ओढलेली, दोन्ही हात घट्ट. एका राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, त्यांचा रस्ता चुकला. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.

"वाजव बाबा," ताई म्हणाल्या, आणि पुन्हा एक फेरी मारून बरोबर रस्त्याला लागल्या. मग मीनलच्या नव्या घराबद्दल सांगत राहिल्या.